परतीच्या सीटचा हिशोब : अवकाश स्थानकात माणसं आणि सामान कसं बदलतं

हरभऱ्याच्या जागलीला संध्याकाळी वावरात जाणाऱ्या माणसाला एक ठिपका अधूनमधून दिसतो. दिवस बुडून तासभर झालेला असतो. पश्चिमेकडून न लुकलुकणारं, चांगलं ठळक तेज वर चढतं आणि चार-सहा मिनिटांत पूर्वेकडे निघून जातं. कधी अर्ध्या आकाशातच विझल्यासारखं होतं. लाल-हिरवे दिवे नसतात, आवाज नसतो. हे आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक. त्याचा स्वतःचा उजेड नाही. आपल्याकडे अंधार पडला तरी ४०० किलोमीटर उंचीवर ऊन असतं, आणि त्या उन्हात ते चमकतं. पृथ्वीच्या सावलीत शिरलं की दिसेनासं होतं. म्हणून ते फक्त संध्याकाळी किंवा पहाटे दिसतं, मध्यरात्री सहसा नाही. त्याची कक्षा विषुववृत्ताशी ५१.६ अंशांनी कललेली आहे आणि विदर्भ २० ते २१ अंशांच्या आसपास, त्यामुळे ते आपल्या डोक्यावरून जातंच. गडचिरोलीच्या किंवा मेळघाटाच्या गावांत दिव्यांचा झगमगाट कमी असल्याने ते शहरापेक्षा कितीतरी छान दिसतं. नासाचं ‘स्पॉट द स्टेशन’ हे मोफत अ‍ॅप आपल्या गावासाठी वेळ आणि दिशा सांगतं.

क्वचित एकामागे एक दोन ठिपके जाताना दिसतात. दुसरा ठिपका म्हणजे स्थानकाकडे निघालेलं किंवा नुकतंच सुटलेलं यान. हा लेख त्या दुसऱ्या ठिपक्याबद्दल आहे.

स्थानक ताशी सुमारे २७,६०० किलोमीटर वेगाने फिरतं. एका फेरीला ९२-९३ मिनिटं लागतात, म्हणजे दिवसाला पंधरा-सोळा फेऱ्या. वजन सुमारे ४२० टन. २ नोव्हेंबर २००० रोजी पहिला मुक्कामी चमू पोचला, तेव्हापासून ते एक दिवसही रिकामं राहिलेलं नाही. एरवी तिथे सात जण असतात आणि प्रत्येकाचा मुक्काम साधारण सहा-आठ महिन्यांचा. सातच का? याचं उत्तर जागेत नाही, अन्नात नाही, सीटमध्ये आहे.

नियम असा : स्थानकात जितकी माणसं, तितक्या परतीच्या सीट स्थानकाला जोडलेल्या यानांत सतत तयार हव्यात. ज्या यानाने माणूस वर गेला ते यान त्याला सोडून परत येत नाही, त्याचा मुक्काम संपेपर्यंत तिथेच जोडलेलं राहतं. आग लागली, अमोनिया गळाला, कचऱ्याच्या तुकड्याने भोक पडलं, कोणी गंभीर आजारी झालं, तर प्रत्येकाने आपापल्या यानात जाऊन दार लावायचं. तिथून काही तासांत पृथ्वी गाठता येते. १५ नोव्हेंबर २०२१ रोजी रशियाने क्षेपणास्त्राने स्वतःचाच जुना उपग्रह फोडला, तेव्हा सगळे सात जण असेच आपापल्या यानांत जाऊन बसले होते. रशियाच्या सोयूझमध्ये तीन सीट, अमेरिकेच्या ड्रॅगनमध्ये चार. तीन आणि चार सात.

हा नियम डोक्यात पक्का बसला की पुढचं सगळं आपोआप उलगडतं. राकेश शर्मांचंच बघा. ३ एप्रिल १९८४ रोजी ते सोयूझ टी-११ मधून सोव्हिएत संघाच्या सॅल्यूट-७ स्थानकावर गेले, हे शाळेत शिकवतात. पण ११ एप्रिलला ते परतले ते टी-११ मधून नव्हे, टी-१० मधून. टी-१० फेब्रुवारीपासून स्थानकाला लागून होतं. तिघे मुक्कामी अंतराळवीर, किझिम, सोलोव्ह्योव आणि आत्कोव, त्यातून वर गेले होते आणि त्यांना अजून बरेच महिने राहायचं होतं. यान वर नुसतं उभं असलं तरी जुनं होतं. सोयूझच्या परतीच्या कुपीतली छोटी इंजिनं हायड्रोजन पेरॉक्साइडवर चालतात आणि ते द्रव्य हळूहळू विघटित होत जातं. पुढच्या सोयूझची मुदतही बरीच वर्षं सुमारे २०० दिवसांचीच धरत. म्हणून पाहुण्यांनी जुनं यान खाली आणलं आणि ताजं टी-११ मुक्कामी लोकांसाठी ठेवलं. ते तिघे जवळपास २३७ दिवसांचा मुक्काम करून २ ऑक्टोबरला त्याच टी-११ मधून उतरले. आठवड्याच्या त्या भारत-सोव्हिएत मोहिमेचं हे अर्धं काम आपल्याकडे फारसं कोणी सांगत नाही, आणि ते सांगायला हवं.

यान बदलायचं म्हणजे नुसतं दुसऱ्या दारातून आत शिरायचं असं नसतं. सोयूझच्या सीटमध्ये प्रत्येकाच्या पाठीचा साचा असतो. उड्डाणाच्या कितीतरी आधी माणसाला प्लास्टरमध्ये निजवून त्याच्या पाठीचा, मानेचा, कमरेचा ठसा घेतात आणि त्यावरून अस्तर तयार करतात. उतरताना जमिनीचा दणका बसतो तो पूर्ण पाठीवर सारखा वाटला जावा यासाठी. वजनरहित अवस्थेत मणक्यांमधल्या चकत्या फुगतात आणि माणूस दोन-तीन सेंटिमीटर, कधी त्याहूनही जास्त, उंच होतो, म्हणून डोक्याकडे आधीच जागा सोडलेली असते. दुसऱ्याच्या साच्यात बसून उतरणं म्हणजे पाठीच्या दुखापतीला आमंत्रण. त्यामुळे यानांची अदलाबदल झाली की आधी अस्तरं इकडची तिकडे नेतात, आणि अस्तर ज्या यानात गेलं त्या क्षणापासून ते तुमचं यान. दाब राखणारे सूटही वेगळे असतात. एका कंपनीच्या सूटची हवेची नळी दुसऱ्या यानाच्या जोडणीत बसत नाही.

आता गाठायचं कसं ते पाहू. सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहेत. पुढच्या यानाला गाठायचं म्हणजे इंजिन चालू करून वेग वाढवायचा, असं कोणालाही वाटेल. कक्षेत तसं केलं तर यान वर चढतं, मोठ्या वर्तुळात जातं आणि मागे पडतं. गाठायचं असेल तर खाली राहावं लागतं. खळ्यावर तिवड्याभोवती बैलांची पात फिरते तेव्हा तिवड्याजवळच्या बैलाचा फेरा लहान असतो आणि कडेच्या बैलाला मोठा फेरा घ्यावा लागतो. इथेही आतला फेरा लहान. फरक इतकाच की कक्षेत आतला गडी कडेच्यापेक्षा वेगानेही धावतो, कारण पृथ्वीची ओढ तिथे जास्त असते. २०० किलोमीटर उंचीवर फेरी साडेअठ्ठ्याऐंशी मिनिटांत होते, स्थानकाची साडेब्याण्णव मिनिटांत. दर फेरीला चार मिनिटांची कमाई, म्हणजे सुमारे १,८०० किलोमीटरने अंतर कमी. हवं तितकं अंतर कापून झालं की इंजिन थोडा वेळ चालवून वर चढायचं आणि स्थानकाच्या मागे-खाली नेमक्या जागी पोचायचं.

उड्डाणाची वेळ हवी तेव्हा निवडता येत नाही. पृथ्वी खाली फिरत असते आणि प्रक्षेपणस्थळ दर चार मिनिटांना एक अंश सरकतं. स्थानकाच्या कक्षेचं प्रतल, म्हणजे ती कक्षा ज्या सपाट चकतीत मावते ती चकती, त्या जागेवर येईल त्याच क्षणाच्या आसपास रॉकेट सुटायला हवं. प्रतल चुकलं तर ते बदलायला इतकं इंधन लागतं की यानाला ते परवडतच नाही. म्हणून वारा जास्त आहे, एखादा व्हॉल्व्ह नीट बसत नाही अशा कारणांनी उड्डाण दोन तास नाही, थेट दुसऱ्या दिवसावर किंवा आणखी पुढे जातं. शुभांशु शुक्ला यांची अ‍ॅक्सिऑम-४ मोहीम मे २०२५ च्या अखेरीस जायची होती. रॉकेटमधली द्रवरूप ऑक्सिजनची गळती आणि नंतर स्थानकाच्या रशियन भागातल्या हवेच्या गळतीची तपासणी यांमुळे ती पुढे ढकलत ढकलत २५ जूनला सुटली. दुपारी १२ वाजून १ मिनिटाने निघालेलं यान दुसऱ्या दिवशी दुपारी ४ वाजून १ मिनिटाने जोडलं गेलं. २८ तास. सोयूझला पूर्वी दोन दिवस लागत, २०१३ पासून सहा तास, आणि ऑक्टोबर २०२० पासून जेमतेम तीन तासांतही माणसं पोचली आहेत. मात्र घाईचा मार्ग निवडला की चुकीला वाव राहत नाही. मार्च २०१४ मध्ये सोयूझ टीएमए-१२एमचं एक इंजिन-चालन ठरल्या वेळी झालं नाही आणि सहा तासांच्या प्रवासाचे पुन्हा दोन दिवस झाले. यान सुखरूप पोचलं, कारण जुनी पद्धत राखीव म्हणून तयार ठेवलेली असते.

शेवटचं अर्धा किलोमीटर सगळ्यात हळू. ड्रॅगन स्थानकापासून ४०० मीटरवर येऊन पोचतं, मग २२० मीटरवर, मग २० मीटरवर, आणि या जागी थांबवून खालून परवानगी घेता येते. स्थानकाभोवती २०० मीटर त्रिज्येचा गोल आखलेला आहे, त्याच्या आत काहीही खटकलं तर यानाने आपण होऊन मागे सरकायचं. दोन्ही वस्तू ताशी २७,६०० किलोमीटरने धावताहेत, पण एकमेकींच्या तुलनेत टेकण्याचा वेग सेकंदाला दहा सेंटिमीटरच्या आसपास. आधी नुसती पकड बसते आणि हलणं थांबतं. मग १२ हुक आवळले जाऊन रबरी सील घट्ट दाबली जाते. त्यानंतरही दार उघडत नाहीत. दोन दारांमधल्या पोकळीत हवा सोडून थांबतात आणि दाब उतरतो का ते पाहतात. केसाएवढी जरी गळती असली तरी दाब मोजणाऱ्या उपकरणावर ती दिसते. या सगळ्यात तास-दोन तास जातात.

इथली चूक काय करते हे २५ जून १९९७ ला रशियाच्या मीर स्थानकावर दिसलं. प्रोग्रेस एम-३४ हे सामानाचं यान हाताने दूरनियंत्रण करून आणण्याची चाचणी चालू होती. यान किती जवळ आलं आणि किती वेगाने येतंय हे कळायला साधन होतं ते मुख्यतः कॅमेऱ्याचं चित्र, आणि खाली ढगाळ पृथ्वीच्या पार्श्वभूमीवर स्थानक ओळखणं अवघड. यान वेगाने आलं, स्पेक्त्र या भागावर आदळलं आणि त्यातून हवा गळू लागली. तो भाग बंद करायचा तर दारातून आरपार विजेच्या आणि इतर तारा गेलेल्या. त्या तोडून, उपटून दार झाकेपर्यंत मिनिटं मोजली जात होती. माणसं वाचली, स्पेक्त्र गेलं.

दार उघडलं की टीव्हीवर मिठ्या आणि हसणं दिसतं. त्यानंतर लगेच पाहुण्यांना आणीबाणीची माहिती देतात : मास्क कुठे, अग्निशामक कुठे, तुमचं यान कोणत्या दाराला, कोणतं दार कोणी लावायचं. मग जुने आणि नवे काही दिवस एकत्र काम करतात. कागदावर लिहिता न येणाऱ्या गोष्टी या दिवसांत हातोहात दिल्या जातात : कोणता पंप कुरकुरतोय, कोणत्या कपाटामागे सुटे भाग सरकलेत, शौचालयाची टाकी बदलताना कोणता जोड अडकतो. म्हणून शक्यतो नवे आल्याशिवाय जुने निघत नाहीत. आणखी एक काळजी घेतली जाते. स्थानकाची वीज मुख्यतः अमेरिकी सौर पंखांतून येते आणि कक्षा उचलणारी इंजिनं मुख्यतः रशियन बाजूला आहेत. अचानक एक यान खाली यावं लागलं तरी दोन्ही बाजू जाणणारा किमान एकेक माणूस मागे राहावा म्हणून २०२२ पासून एक अमेरिकी सोयूझमधून आणि एक रशियन ड्रॅगनमधून पाठवायला सुरुवात झाली.

सामानाचा हिशोब वेगळा. एका माणसाला दिवसाला सुमारे ०.८४ किलो ऑक्सिजन, पावणेदोन-दोन किलो वेष्टनासह अन्न आणि पावणेचार लिटरच्या आसपास पाणी लागतं. सात जणांचं महिन्याचं पाणीच ८०० लिटर होतं. ते सगळं वर न्यायचं तर दुसरं काही नेताच येणार नाही. म्हणून घाम, श्वासातली वाफ आणि लघवी यांतलं पाणी शुद्ध करून पुन्हा वापरतात. २०२३ मध्ये हे प्रमाण ९८ टक्क्यांपर्यंत पोचलं. ऑक्सिजनही पाण्याचं विद्युत-विघटन करून मिळवतात. आपल्याकडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या गावांना ९८ टक्के हा आकडा किती मोठा आहे ते सांगावं लागणार नाही.

रशियाचं प्रोग्रेस सुमारे अडीच टन नेतं, त्यात कोरडं सामान, टाकीतलं ४२० किलोपर्यंत पाणी आणि स्थानकासाठी इंधन. इंधन लागतं कारण ४०० किलोमीटरवरही विरळ हवा आहे. तिच्या घर्षणाने स्थानक महिन्याला साधारण दोन किलोमीटर खाली येतं, सूर्य खवळलेला असेल तर जास्त, आणि त्याला परत वर ढकलावं लागतं. अमेरिकेचं सिग्नस स्वतः जोडलं जात नाही. ते दहा-बारा मीटरवर येऊन थांबतं आणि स्थानकाचा १७.६ मीटर लांब यांत्रिक हात त्याला पकडून दाराशी आणतो. ही दोन्ही यानं परतीच्या वाटेवर जळून जातात. नमुने खाली आणायचे तर मुख्य भिस्त सामानवाहू ड्रॅगनवर किंवा माणसांच्या यानातल्या थोड्या जागेवर. शुक्लांनी मूग आणि मेथीला अंकुरवून गोठवून ठेवलं, ते खाली आल्यावरच तपासता येतं. सामान ठरावीक मापाच्या कापडी पिशव्यांत भरतात, प्रत्येक पिशवीला बारकोड आणि तिची जागा यादीत. उतरवताना जागा चुकली की ती वस्तू महिनोन्‌महिने सापडत नाही, कारण तिथे भिंत, जमीन, छत सगळंच कपाट आहे.

एखादी खेप चुकेल असं धरूनच साठा ठेवतात. ऑक्टोबर २०१४ मध्ये सिग्नसचं रॉकेट स्फोटात गेलं, एप्रिल २०१५ मध्ये एक प्रोग्रेस भरकटलं आणि जूनमध्ये ड्रॅगनचं रॉकेट हवेत फुटलं. आठ महिन्यांत तीन खेपा गेल्या, तरी कोणी उपाशी राहिलं नाही.

सामान उतरवलं की त्याच यानात कचरा भरतात आणि शेवटचं इंधन वापरून ते दक्षिण पॅसिफिक महासागरावर, वस्तीपासून दूर, हवेत शिरेल असं पाडतात. असं नियंत्रण ठेवलं नाही तर काय होतं हे चंद्रपूर जिल्ह्याने पाहिलेलं आहे. २ एप्रिल २०२२ च्या रात्री विदर्भात ठिकठिकाणी जळते गोळे सरकताना दिसले आणि सिंदेवाही तालुक्यात लाडबोरीला धातूची मोठी रिंग येऊन पडली. तो स्थानकाचा कचरा नव्हता. तज्ज्ञांच्या मते फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेल्या एका चिनी रॉकेटचा तो रिकामा टप्पा होता, वर तसाच सोडून दिलेला. पण स्थानकही याला अपवाद राहिलं नाही, आणि ती गोष्ट पुन्हा सीटपाशी येते. ११ ऑक्टोबर २०१८ ला सोयूझ एमएस-१० चं रॉकेट उड्डाणानंतर दोन मिनिटांनी बिघडलं. दोघे अंतराळवीर कुपीसह सुखरूप उतरले, पण वर माणसं कमी पडली, बॅटऱ्या बदलण्याची बाहेरची कामं लांबली आणि जुन्या बॅटऱ्या बांधलेला सांगाडा ज्या जपानी सामानवाहू यानातून जायचा ते यान त्याच्याशिवाय निघून गेलं. पुढे प्रत्येक खेपेला एक सांगाडा मागे राहत गेला. अखेर मार्च २०२१ मध्ये अडीच टनांहून जड सांगाडा यांत्रिक हाताने नुसता सोडून द्यावा लागला. तीन वर्षांनी, ८ मार्च २०२४ ला, त्याचा पाऊण किलोचा न जळलेला तुकडा फ्लोरिडातल्या एका घराचं छप्पर फोडून आत आला.

सीटचा हिशोब सगळ्यात वाईट बिघडला तो डिसेंबर २०२२ मध्ये. जोडलेल्या सोयूझ एमएस-२२ मधून थंडाव्याचं द्रव्य फवारा मारत बाहेर गेलं. भोक एक मिलिमीटरपेक्षा लहान. यान उडू शकत होतं, पण तीन माणसं आणि चालू उपकरणं यांची उष्णता बाहेर टाकायची सोय राहिली नाही, परतीच्या तासांत आत असह्य उकाडा झाला असता. तिघांपैकी अमेरिकी फ्रँक रुबियोचं अस्तर जानेवारीत ड्रॅगनमध्ये नेऊन बांधलं, म्हणजे आणीबाणी आलीच तर सोयूझमध्ये दोनच माणसं बसतील आणि उष्णता कमी होईल. मग २४ फेब्रुवारी २०२३ ला एमएस-२३ तीन रिकाम्या सीट घेऊन सोडलं. ज्या चमूने त्यातून जायचं होतं तो खालीच राहिला, त्यामुळे वरच्यांना सोडवायला कोणी आलं नाही. सहा महिन्यांसाठी गेलेले तिघे ३७१ दिवसांनी उतरले.

सुनीता विल्यम्स यांच्याबद्दल ‘अडकल्या’ हाच शब्द सगळीकडे चालला. तो अर्धाच खरा आहे. ५ जून २०२४ ला त्या आणि बुच विल्मोर स्टारलायनर या नव्या अमेरिकी यानातून आठवडाभरासाठी गेले. जोडणीच्या वेळी पाच छोटी इंजिनं बंद पडली, हेलियम गळत होतं, आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला नासाने ते यान रिकामं खाली आणलं. त्या दिवसापासून सुमारे तीन आठवडे दोघांना खरी सीट नव्हती. आधीच जोडलेल्या ड्रॅगनच्या सामानाच्या जागेत फोम टाकून तात्पुरती सोय केलेली होती. हाच खरा धोक्याचा काळ. २८ सप्टेंबरला पुढच्या चमूचं, क्रू-९ चं, ड्रॅगन चारऐवजी दोनच माणसं आणि दोन रिकाम्या सीट घेऊन निघालं. ते पोचलं आणि परतीची सीट मिळाली. त्यानंतर वाट पाहायची होती ती त्यांची जागा घेणाऱ्या नव्या चमूची. तो मार्च २०२५ मध्ये पोचला आणि १९ मार्चला, आपल्या पहाटे, दोघे समुद्रात उतरले. चीनच्या स्थानकावरही नोव्हेंबर २०२५ मध्ये हेच झालं. शेन्झोउ-२० च्या खिडकीला बारीक तडे दिसले, त्या चमूने नव्या लोकांचं शेन्झोउ-२१ घेऊन १४ नोव्हेंबरला पृथ्वी गाठली, वर राहिलेल्यांकडे काही दिवस भरवशाचं यान उरलं नाही, आणि २५ नोव्हेंबरला शेन्झोउ-२२ रिकामं पाठवून भरपाई केली.

परतीचा प्रवास त्यामानाने थोडक्यात आटपतो. सोयूझ सुटल्यावर साडेतीन तासांत जमिनीवर असतं. इंजिन साडेचार मिनिटांच्या आसपास चालतं आणि वेग सेकंदाला फक्त १२८ मीटरने कमी करतं, मूळ वेगाच्या दोन टक्क्यांहूनही कमी. बाकीचं काम हवा करते. तीन भागांपैकी मधली कुपीच परत येते. साडेदहा किलोमीटरवर पॅराशूट उघडतं आणि जमीन हातभर-दीड हात राहिली असता तळाची इंजिनं क्षणभर पेटून दणका कमी करतात.

भारताने १६ जानेवारी २०२५ ला स्पेडेक्स मोहिमेत सुमारे २२० किलोचे दोन उपग्रह कक्षेत एकमेकांना जोडले आणि मार्चमध्ये सोडवले. भारतीय अंतरिक्ष स्थानकाचा पहिला भाग २०२८ मध्ये आणि पूर्ण स्थानक २०३५ पर्यंत उभारण्याचं उद्दिष्ट आहे, त्याला जोडणीचं हे तंत्र लागेलच. गगनयानाची समानव मोहीम मात्र तीन माणसं, तीन दिवस अशी आखलेली आहे. स्थानकाला लागून महिनोन्‌महिने राहील, ज्याचं इंधन, थंडावा आणि सील तितके दिवस टिकतील आणि कोणत्याही रात्री हाक आली तर सुटेल असं यान ही त्यापुढची, कितीतरी अवघड पायरी आहे. पुढच्या दहा वर्षांत इस्रोच्या बातम्या वाचताना स्थानकाच्या भागांच्या वजनाइतकंच या यानाच्या मुदतीकडे लक्ष ठेवा. आपल्या स्थानकात किती माणसं राहू शकतील ते त्यावर ठरणार आहे.